मॉडेल प्रत्येक वेल्डला क्रॅक म्हणतंय आणि खरी क्रॅक सोडतंय? जीपीयूला हात लावायच्या आधी हे बघा

स्टीलच्या पुलांच्या फोटोंमधून क्रॅक आणि गंज शोधणारं एआय मॉडेल बनवणाऱ्यांची तक्रार नेहमी तीच असते. ट्रेनिंग झकास झालं, व्हॅलिडेशनचे (शिकवताना न दाखवलेल्या फोटोंवरच्या परीक्षेचे) आकडे बघून साहेब खूश, आणि मग साइटवरून ड्रोनचे फोटो आणून टाकले की मॉडेल प्रत्येक वेल्डच्या रेषेवर, केबलच्या सावलीवर, रंगाच्या ओघळावर क्रॅक म्हणून लाल चौकट मारत सुटतं, आणि ज्या स्टिफनरच्या (प्लेटला ताठ ठेवणाऱ्या पट्टीच्या) टोकाला डीपी टेस्टमध्ये (चिरेत रंगीत द्रव मुरवून बघायच्या तपासणीत) खरीखुरी क्रॅक निघाली होती तिथे मात्र चिडीचूप. मग लोक काय करतात, मोठं मॉडेल घेतात, इपॉक (ट्रेनिंगच्या फेऱ्या) वाढवतात, अजून हजारभर फोटो गोळा करतात, थोडे दिवस बरं चालतं, आणि पुढच्या पुलावर परत पहिले पाढे पंचावन्न.

माझं मत असं की यात बहुतेक वेळा मॉडेल बिचारं निर्दोष असतं. एकतर फोटोत क्रॅक उतरलेलीच नसते, नाहीतर लेबल करताना (फोटोत क्रॅक कुठे आहे ते हाताने आखून देताना) क्रॅकच्या नावाखाली भलतंच शिकवलेलं असतं. म्हणून आधी फोटो मोजा, मग डेटा कुठला आहे आणि कसा वाटलाय ते बघा, मग लेबलं उघडून बघा, आणि हे सगळं झाल्यावरच ट्रेनिंगचं बघा.

एका पिक्सेलमध्ये किती मिलिमीटर?

हे गणित दोन मिनिटांचं आहे पण कोणी करत नाही. कॅमेऱ्यापासून पृष्ठभागाचं अंतर गुणिले एका पिक्सेलचा आकार भागिले फोकल लेंग्थ. ड्रोनवर 4/3 सेन्सर असेल तर त्याची रुंदी 17.3 मिमी, पिक्सेल आडवे 5280, म्हणजे एक पिक्सेल साधारण 0.0033 मिमीचा, आणि लेन्सची खरी फोकल लेंग्थ 12.3 मिमीच्या आसपास. पाच मीटरवरून फोटो काढलात तर एका पिक्सेलमध्ये जवळपास 1.3 मिमी स्टील येतं. आता फटीग क्रॅक (वारंवार भार येऊन पडणारी चीर) सुरुवातीला केवढी असते? 0.1 मिमी किंवा त्याहून बारीक, आणि वरून गाडी जात नसेल तर मिटून बसलेली. म्हणजे तुमच्या एका पिक्सेलमध्ये अशा तेरा क्रॅक शेजारी शेजारी बसतील.

बरं, पुढचा घोळ तर याहून मोठा. योलो या चौकटी मारणाऱ्या मॉडेलचं डीफॉल्ट इमेज साइझ 640 पिक्सेल आहे, तुम्ही अख्खा फोटो दिलात की तो 5280 वरून 640 वर येतो, सव्वाआठ पट लहान. आता एका पिक्सेलमध्ये 11 मिमी! 30 मिमीचं बोल्टचं डोकं तीन पिक्सेलसुद्धा भरत नाही आणि आपण त्यातून क्रॅक मागतोय.

यावर पहिला उपाय सगळ्यांना माहीत असतो, फोटोचे तुकडे करून चालवायचा, त्यासाठीचं साही हे टूल वापरा नाहीतर स्वतःची लूप लिहा. 640 चे तुकडे, वीस टक्के ओव्हरलॅप, की एका फोटोचे साधारण 88 तुकडे होतात, वेळही त्याच प्रमाणात वाढतो, त्याची तयारी ठेवा. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, तुकडे केल्याने फक्त सव्वाआठ पटीचा तोटा वाचतो, मूळचे 1.3 मिमी तसेच राहतात. फोटोत जे आलंच नाही ते सुपर रेझोल्यूशनने (सॉफ्टवेअरने फोटोचे पिक्सेल वाढवून) पण येत नाही, ते फक्त छान दिसणारं काहीतरी स्वतःच्या मनाने भरतं, आणि स्ट्रक्चरच्या कामात हे मला अजिबात चालत नाही.

कोणी म्हणेल, काँक्रीटच्या क्रॅक तर पिक्सेलपेक्षा बारीक असूनही दिसतात. हो दिसतात, कारण पांढुरक्या मॅट पृष्ठभागावर काळी रेघ अर्धा पिक्सेल असली तरी तो पिक्सेल काळवंडतो. स्टीलवर रंगाची चमक असते, उजेड परत मारतो, ती सवलत मिळत नाही. रंगावरची चमक पोलरायझर फिल्टरने बरीच कमी होते, उघड्या धातूवर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

मग ड्रोन घरी ठेवायचा का, तर नाही. 1.3 मिमीला क्रॅक दिसत नसली तरी क्रॅकच्या खुणा दिसतात, म्हणजे रंगाला पडलेली चीर, त्यातून पाझरलेला तांबूस गंज, सुटलेले पोपडे. ड्रोनच्या फोटोंवरून मॉडेलने फक्त "इथे जाऊन बघा" एवढंच सांगायचं. मग माणूस शिडीवरून किंवा बकेटमधून तिथे पोचतो आणि हाताच्या अंतरावरून फोटो काढतो. साध्या मोबाइलच्या मेन कॅमेऱ्याने 30 सेंमीवरून, फोटो 4000 पिक्सेल रुंद धरला तर पिक्सेलला जवळपास 0.1 मिमी मिळतं, तिथे क्रॅकच्या मॉडेलला काही अर्थ आहे. आणि शेवटचा शब्द डीपी टेस्टचा किंवा एमपीआयचा (चुंबकीय कणांच्या तपासणीचा). डीपीला रंग खरवडावा लागतो, एमपीआय पातळ रंगावरूनही चालते. कुठे बघायचं हेही ड्रॉइंगवर आधीच कळतं, कव्हर प्लेटचं (वरून जोडलेल्या जादा प्लेटचं) टोक, स्टिफनर जिथे फ्लँजच्या (गर्डर म्हणजे पुलाच्या तुळईच्या आडव्या प्लेटच्या) अलीकडे थांबतो ती वेबची (तुळईच्या उभ्या प्लेटची) फट, कोप होल (वेल्डसाठी प्लेटमध्ये कापलेलं भोक), जुन्या पुलावर रिव्हेटची भोकं. अख्ख्या पुलाचे दहा हजार फोटो काढण्यापेक्षा या जागांचे जवळून नीट काढलेले फोटो कितीतरी जास्त उपयोगी.

फोटो हलतो त्याचंही गणित करा. ड्रोन सेकंदाला एक मीटर सरकतोय आणि पुलाखाली अंधार म्हणून शटर 1/100 वर गेलंय, तर फोटो 10 मिमी पुसला जातो. थांबून काढा, लाइट लावा, शटर हाताने सेट करा. ऑटोवर सोडलंत की उजेडातून डेकखाली शिरल्या शिरल्या कॅमेरा शटर हळू करतो आणि व्हाइट बॅलन्सही बदलतो.

आणि व्हॉट्सॲप! साइट इंजिनिअरने काढलेला फोटो एकदम कडक असतो, तो ग्रुपवर टाकतो, तिथून तुम्ही उतरवून घेता, तोवर तो 1600 पिक्सेलच्या आसपास आलेला असतो, बारीक रेघांच्या जागी जेपेगचे चौकोन असतात, आणि फोकल लेंग्थ, वेळ वगैरे फोटोच्या फाइलमधली सगळी एक्झिफ माहिती उडालेली असते. साइटवाल्यांना सांगून ठेवा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ड्राइव्हवर टाका. एवढ्या एका गोष्टीने बऱ्याच ठिकाणचा "मॉडेल बिघडलं" हा प्रश्न तिथेच सुटतो.

डेटा कशाचा आहे?

स्टील डिफेक्ट म्हणून सर्च केलं की दोन नावं पहिल्यांदा येतात. एक चीनच्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीचा एनईयू डेटासेट, 1800 फोटो, सहा प्रकार, प्रत्येकी 300, आकार 200 बाय 200. दुसरा कॅगल या डेटा सायन्सच्या वेबसाइटवरच्या 2019 च्या स्पर्धेतला सेवरस्टाल. दोन्ही चांगले आहेत, पण दोन्ही कारखान्यातल्या पत्र्याचे आहेत, रोलिंग मिलमधून निघालेल्या सपाट पट्टीवरचे ओरखडे, खड्डे, चट्टे वगैरे. त्यावर शिकलेल्या मॉडेलने रंगवलेला, धुळीने माखलेला, कबुतरांनी खराब केलेला गर्डर कधी पाहिलेलाच नाही. क्रॅक म्हणून शोधलं तर एसडीनेट 2018 येतो, 56 हजारांवर फोटो, पण सगळे काँक्रीटचे. काँक्रीटची क्रॅक वेडीवाकडी, फाटे फुटलेली, कुठेही निघणारी. स्टीलची फटीग क्रॅक बहुतेक वेल्डच्या टोच्या (वेल्ड आणि प्लेट भेटतात त्या रेषेच्या) कडेने सरळसोट जाते. काँक्रीटवर प्री-ट्रेन (आधीची तयारी) करायला हरकत नाही, कडा ओळखायला शिकतं ते, पण तेच थेट पुलावर नेलंत तर रंगाच्या सुरकुत्यांनाच क्रॅक म्हणणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेल्डला क्रॅक का म्हणतं. तुमच्या ट्रेनिंगमधले क्रॅकवाले फोटो एकदा एकापाठोपाठ नुसते बघत जा. जवळपास प्रत्येक चौकटीत वेल्ड दिसेल, कारण क्रॅक तिथेच पडते. क्रॅक तिरकी असेल आणि चौकट 300 बाय 300 ची असेल तर आत 90 हजार पिक्सेल आले, त्यातले क्रॅकचे हजारही नाहीत, बाकी सगळं वेल्ड, स्टिफनर आणि रंग. आणि क्रॅक नसलेले फोटो कुठले घेतलेत? सपाट वेब प्लेटचे, कारण ते काढायला सोपे. मग मॉडेलने काय शिकायचं! वेल्ड दिसला की क्रॅक, सपाट दिसलं की नाही, हा नियम तुमच्या डेटावर अगदी बरोबर चालतो, व्हॅलिडेशनलाही पैकीच्या पैकी मार्क. मॉडेलने अभ्यास केलाच नाही, गाइड पाठ केलं.

उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही. क्रॅक असलेल्या प्रत्येक जोडाबरोबर त्याच पुलावरचे, त्याच उजेडातले, त्याच प्रकारचे पण धडधाकट जोड घ्या, आणि त्यांची लेबल फाइल रिकामी ठेवून ट्रेनिंगला द्या. योलोवाले असे रिकामे फोटो दहा टक्क्यांपर्यंत ठेवा म्हणतात, तो सल्ला गाड्या-माणसं ओळखायला ठीक आहे, आपल्या कामात मी तरी बिनदिक्कत त्याच्या कितीतरी वर जाईन. सावली पडलेल्या केबल, कोळ्याची जाळी, रंगाचे ओघळ, लॅप जॉइंटच्या कडा, पक्ष्यांची घाण, हे पण मुद्दाम त्यात टाका. शक्य असेल तर चौकटी सोडून मास्क (क्रॅकच्या नेमक्या पिक्सेलची आखणी) बनवा, सेगमेंटेशनला जा, म्हणजे निदान वेल्ड हा बॅकग्राउंड आहे हे त्याला पिक्सेलच्या पातळीवर कळेल.

खडूची परीक्षा

हे करून बघाच. तपासणी करणारा माणूस क्रॅक सापडली की तिच्या टोकांना खडूने किंवा मार्करने खूण करतो, शेजारी तारीख आणि लांबी लिहितो, बाण काढतो. मग फोटो काढतो. म्हणजे तुमच्या क्रॅकच्या फोटोंमध्ये खडू आहे आणि बिनक्रॅकच्या फोटोंमध्ये नाही. 2020 मध्ये स्टील बॉक्स गर्डरच्या फटीग क्रॅकवर एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती, तिच्या फोटोंमध्येही असं हाताने लिहिलेलं होतं आणि ते वेगळं काढणं हाच तिथला एक मोठा त्रास होता.

परीक्षा अशी: गोडाऊनमधली एखादी रंगवलेली, चांगली प्लेट घ्या, ज्यात काहीही दोष नाही. तिच्यावर पांढऱ्या खडूने एक बाण काढा, शेजारी "एल = 45" असं काहीतरी लिहा, फोटो काढून मॉडेलला द्या. मग खडू पुसून, प्लेट आणि मोबाइल न हलवता दुसरा फोटो द्या. पहिल्यावर चौकट आली आणि दुसऱ्यावर नाही आली तर उत्तर मिळालं, तुमचं मॉडेल क्रॅक शोधत नाहीये, इन्स्पेक्टरची खूण शोधतंय. यापुढे साइटवर नियमच करा, आधी खूण न करता फोटो, मग खूण करून. जुने फोटो असतील तर खुणेवरही मास्क काढून तिला वेगळा क्लास द्या. नुसतं ग्रॅड-कॅमचं (मॉडेल फोटोत कुठे बघतंय ते दाखवणारं) रंगीत चित्र काढून समाधान मानू नका, वेल्ड, खडू आणि क्रॅक एकमेकांना चिकटलेले असतात, त्या धूसर लाल ढगातून कोणाकडे बघतंय ते कळत नाही.

सावल्यांसाठी अजून एक साधी युक्ती, त्याच जागेचे दोन फोटो, एकदा टॉर्च डावीकडून तिरका, एकदा उजवीकडून. वेल्डच्या कडेची सावली बाजू बदलते, क्रॅक जागची हलत नाही. दोन्हीत आलेलीच चौकट ठेवायची.

व्हॅलिडेशन 95 आणि साइटवर बोंब

हा लीकेज, म्हणजे परीक्षेचे फोटो ट्रेनिंगमध्ये मिसळणं. ड्रोनच्या व्हिडिओतून फ्रेम काढल्या, तुकडे केले, आणि मग रँडम 80-20 वाटले. एकाच क्रॅकचा एक तुकडा ट्रेनिंगला, त्याला लागूनचा ओव्हरलॅपवाला तुकडा व्हॅलिडेशनला. पेपर आधीच फुटलाय. वाटणी तुकड्यांवर नाही, पुलावर करा, निदान स्पॅनवर तरी. पायथनच्या सायकिट-लर्न लायब्ररीत अशा वाटणीसाठी ग्रुपकेफोल्ड आहे, ग्रुप म्हणून पुलाचं नाव द्या. आकडे धाडकन खाली येतील, साहेबांचा चेहरा पडेल, पण तोच खरा आकडा.

आकड्यांवरूनच सांगतो, ॲक्युरसी हा शब्द रिपोर्टमधून काढून टाका. 4000 बाय 3000 च्या फोटोत एक कोटी वीस लाख पिक्सेल, त्यात 300 पिक्सेल लांब आणि दोन पिक्सेल जाड क्रॅक म्हणजे 600 पिक्सेल. "कुठेच काही नाही" असं डोळे मिटून सांगणारं मॉडेल 99.995 टक्के अचूक! आयओयूलाही (खरी आणि मॉडेलने दाखवलेली आकृती किती जुळते त्या आकड्याला) फार भाव देऊ नका, तीन पिक्सेल जाडीची क्रॅक मॉडेलने एकच पिक्सेल बाजूला दाखवली तर आयओयू 0.5 वर येतो, कामाच्या दृष्टीने ती शंभर टक्के सापडलेली असूनसुद्धा. मोजायचं ते एवढंच, खऱ्या क्रॅक किती होत्या, त्यातल्या किती दाखवल्या, आणि त्यासाठी माणसाला उगाचच्या किती चौकटी बघाव्या लागल्या. लॉसमध्ये (ट्रेनिंगमधली चूक मोजणाऱ्या सूत्रात) डाइस किंवा फोकल घाला, हे बहुतेकांना माहीत असतंच.

लेबल सरकलेली दिसत असतील तर एक्झिफ रोटेशन बघा. उभा धरून काढलेला फोटो लेबलिंगच्या टूलमध्ये उभा दिसतो आणि तुमच्या कोडमध्ये आडवा वाचला जातो, चौकटी आकाशात. आधी सगळे फोटो खरोखर फिरवून सेव्ह करा, मग लेबल करा.

गंज: दर पावसाळ्यानंतर नव्याने

गंजाचं मॉडेल उन्हाळ्यात नीट चालतं आणि पावसाळा सुरू झाला की अलार्मचा पाऊस पाडतं, ही दुसरी नेहमीची कटकट. ओलं स्टील गडद दिसतं, शेवाळ धरतं, वरून लाल पाण्याचे ओघळ येतात. ओघळ म्हणजे गंज तिथेच आहे असं नाही, तो दोन मीटर वरच्या बोल्टचा असू शकतो. त्यात आपल्याकडची खास मंडळी: रेड ऑक्साइड प्रायमर, जो रंगाने हुबेहूब गंज. कोकणात गाड्यांनी उडवलेली जांभ्याची माती. रेल्वेच्या गर्डरवर ब्रेकची लोखंडी धूळ. आणि एफओबीच्या (पादचारी पुलाच्या) जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. ह्या शेवटच्याला नुसतं फॉल्स पॉझिटिव्ह म्हणून हसू नका, कोलकात्यात हावडा ब्रिजच्या हँगरच्या (डेक टांगून धरणाऱ्या मेंबरच्या) पायथ्याला थुंकीने स्टील खाल्लं जातंय म्हणून फायबरग्लासची कव्हरं लावावी लागली.

तेव्हा नुसत्या एचएसव्हीच्या (रंगछटा, गडदपणा, उजळपणा या आकड्यांच्या) रंगावर गंज ओळखायचं सोडा. रंगाबरोबर पोत बघायला हवा, गंजाला पापुद्रे असतात, खड्डे असतात, कडा फुगलेली असते, प्रायमर गुळगुळीत आणि त्याची कडा ब्रशने ओढल्यासारखी. "डाग" आणि "प्रायमर" असे दोन वेगळे क्लास करा, सगळं गंज आणि बिनगंज अशा दोन पेट्यांत कोंबू नका. ऑग्मेंटेशनही (ट्रेनिंगमध्ये फोटो मुद्दाम थोडे बदलून देणं) बघा, योलोच्या डीफॉल्टमध्ये सॅच्युरेशन 0.7 पर्यंत हलवतात, गंजाची सगळी ओळख रंगाच्या गडदपणात असताना हे जरा जास्तच होतं, कमी करा. आणि काही ठरावीक जागा निवडून त्यांचे फोटो मे महिन्यात आणि पावसाळा संपताना असे दोन्ही वेळा काढून ठेवा, ट्रेनिंगला अजिबात न वापरता. मॉडेल बदललं की आधी त्यावर चालवायचं. मेमध्ये चांगलं आणि सप्टेंबरमध्ये वाईट असेल तर काय कमी पडतंय ते लगेच कळतं. गंजाने जाडी किती खाल्ली हे फोटोवरून सांगायच्या फंदात मात्र पडू नका, त्याला अल्ट्रासॉनिक गेज आहे.

जे चौकटीत बसत नाही

काही नुकसान डिटेक्शनच्या चौकटीत मावतच नाही. अमेरिकेत मिनियापोलिसचा आय-35 डब्ल्यू पूल 1 ऑगस्ट 2007 ला पडला, 13 माणसं गेली. गसेट प्लेट (सांध्यावर मेंबर जोडणाऱ्या प्लेट) डिझाइनमध्येच पातळ होत्या. नंतर तपासात 2003 चे जुने फोटो निघाले, त्यात त्या प्लेट वाकलेल्या स्पष्ट दिसत होत्या. ना क्रॅक, ना गंज, नुसती बाकदार कड. याला "क्रॅक, गंज, पोपडे" शिकलेलं मॉडेल काहीच म्हणणार नाही. इथे प्लेटच्या कडेवर सरळ रेघ बसवून किती फरक पडतो ते मोजायचं, किंवा फोटोग्रामेट्रीने (अनेक फोटोंवरून मोजमाप घेऊन) थ्रीडी करून. नटचं पण तसंच, षटकोनी नट 60 अंश फिरला की परत हुबेहूब तसाच दिसतो, त्यामुळे नट आणि प्लेटवर आधी रंगाची रेघ ओढली नसेल तर ढिला झालाय का ते फोटोवरून सांगता येत नाही. गायब झालेला बोल्ट मात्र मॉडेलला सहज सापडतो.

आणि थ्रेशोल्ड (मॉडेलची किती खात्री असली की चौकट दाखवायची) किती ठेवायचा असं विचारणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या मेम्फिसचं उदाहरण. मिसिसिपीवरच्या आय-40 पुलाच्या टाय गर्डरला (कमानीची टोकं बांधून धरणाऱ्या तुळईला) मोठी चीर पडलीये हे 11 मे 2021 ला तपासणीत दिसलं आणि पूल तातडीने बंद केला. मग जुनं रेकॉर्ड चाळलं तर 2019 च्या ड्रोन व्हिडिओत ती चीर होतीच. व्हिडिओ होता, चीर दिसत होती, नजरेतून सुटली. अशा ठिकाणी 0.5 चा थ्रेशोल्ड ठेवून रिपोर्ट सुटसुटीत करण्यात काय हशील? थ्रेशोल्ड खाली आणा, पण चौकटी महत्त्वानुसार लावा, ज्या मेंबरवर अख्खा पूल उभा आहे तिथली 0.15 ची चौकट पण माणसाने बघायची, रेलिंगवरची 0.6 ची नंतर बघितली तरी चालेल. त्यासाठी फोटो कुठल्या मेंबरचा हे फाइलच्या नावात असायला हवं, ड्रोनने दिलेलं नुसतं डीजेआय 0457 असेल तर कोणीच काही करू शकत नाही.

एवढं करूनही अडलात आणि कोणाला विचारायचं असेल तर कन्फ्यूजन मॅट्रिक्सचा (मॉडेलच्या बरोबर-चूक उत्तरांच्या तक्त्याचा) स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. सुटलेल्या एका क्रॅकचा मूळ फाइलमधून कापलेला, लहान न केलेला तुकडा पाठवा, सोबत अंतर, लेन्स, शटर, मॉडेलला फोटो कुठल्या साइझने दिलात, आणि ट्रेनिंगमध्ये त्या पुलाचा दुसरा एखादा फोटो होता का, एवढं लिहा.